बॉम्बे हिल्सच्या पलीकडची जमीन : न्यूझीलंडमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

ऑकलंडपासून इन्व्हरकार्गिलपर्यंत, जिथे जिथे चार मराठी घरं मिळून गणपती बसवतात तिथल्या सर्वांना,

स. न. वि. वि.

हे पत्र सरकारला नाही आणि माओरींनाही नाही. आपल्याच माणसांना आहे, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

१० एप्रिल २०२५ला वेलिंग्टनच्या संसदेत ट्रीटी प्रिन्सिपल्स बिल, म्हणजे माओरी आणि इंग्रज राजसत्ता यांच्यातल्या १८४०च्या वाइटांगी कराराची तत्त्वं नव्याने ठरवू पाहणारं विधेयक, ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. त्या आठवड्यात आपल्या गटांमध्ये जे लिहिलं गेलं ते अनेकांनी वाचलं असेल. "सगळ्यांना एकच कायदा म्हटलं तर यांच्या पोटात का दुखतं?" "दीडशे वर्षांपूर्वीची मढी किती दिवस उकरणार?" "यांना सगळं फुकट आणि टॅक्स आम्ही भरायचा." लिहिणारी माणसं दुष्ट नाहीत. कोणाच्या घरी बाळंतपण असलं की हीच माणसं डबे पोचवतात. पण तीनच दिवसांनी, १३ एप्रिलला, त्याच गटांमध्ये त्याच मंडळींनी जालियनवाला बागेबद्दल ब्रिटनने माफी मागितली पाहिजे असे संदेश फिरवले, खाली कोहिनूर परत करण्याची मागणीही होती. इंग्रजांचा हिशेब आपल्या बाबतीत शंभर वर्षांनीही उघडा आणि माओरींच्या बाबतीत मात्र कधीच बंद व्हायला हवा होता, असं आपलं म्हणणं आहे का? तसं असेल तर निदान ते उघड म्हणू या.

माझं म्हणणं थोडक्यात असं. माओरींना जमिनीच्या दाव्यांपोटी जे मिळतं ती सवलत नाही. ती देणेकऱ्याने फार उशिरा आणि फार थोडी केलेली परतफेड आहे. ज्या राज्यव्यवस्थेने आपल्याला व्हिसा दिला, नागरिकत्व दिलं, तिच्याच खात्यावरचं हे देणं आहे. त्यामुळे आपण कालपरवा आलो असलो तरी या व्यवहारात त्रयस्थ नाही.

बॉम्बे हिल्सपासूनच सुरुवात करतो. ऑकलंडहून हॅमिल्टनला जाताना त्या पाटीशी फोटो काढून गावी पाठवला नाही असा मराठी माणूस या देशात विरळा. त्या गावाचा आपल्या मुंबईशी संबंध इतकाच की १८६३ साली 'बॉम्बे' नावाच्या जहाजातून विलायतेहून आलेली काही कुटुंबं तिथे वसली. त्याच वर्षी त्या टेकड्यांच्या पलीकडे काय झालं हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असतं, आणि घाट उतरल्यावर आपण पुढचा तासभर त्याच इतिहासावरून गाडी चालवत असतो.

पलीकडे वायकाटो. तिथल्या माओरींनी जमीन विकायचं नाकारलं होतं. १८५८मध्ये त्यांनी पोतातौ ते व्हेरोव्हेरो यांना आपला राजा केलं, विकणाऱ्यांची रांग थांबावी म्हणून. हे लोक जंगलात दबा धरून बसलेले नव्हते. रांगीआओफियासारख्या गावांत गव्हाची शेतं होती, फळबागा होत्या, पिठाच्या गिरण्या होत्या आणि ऑकलंडचा गोरा माणूस त्यांच्या पिठावर जेवत होता. पण शहर वाढत होतं आणि गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांना ही जमीन हवी होती. पापाटोएटोएला ज्या ग्रेट साउथ रोडवर आपण मिठाई आणि मेथीची जुडी घ्यायला जातो, त्याचा दक्षिणेकडचा टप्पा लष्कराने या स्वारीसाठी बांधला. १२ जुलै १८६३ला जनरल कॅमेरॉनच्या फौजेने मांगाताफिरीचा ओढा ओलांडला. शरण या असा इशारा देणारं पत्रक वायकाटोच्या लोकांच्या हाती पडायच्या आत सैन्य त्यांच्या हद्दीत घुसलेलं होतं. या युद्धात उतरलेल्या पलटणींपैकी ४३वी आणि ७०वी थेट हिंदुस्थानातून आणलेल्या होत्या. आपल्याकडचं काम आटोपून ती मंडळी इकडे आली, असंच म्हणा ना.

नोव्हेंबरात रांगीरीरीची लढाई झाली. १८०च्या आसपास माणसं कैद झाली आणि ऑकलंडच्या बंदरातल्या एका जुन्या जहाजात कोंडली गेली. २१ फेब्रुवारी १८६४ला, रविवारी पहाटे, सैन्याने लढवय्यांची तटबंदी टाळून मागच्या रांगीआओफिया गावावर धाड घातली. तिथे होते म्हातारे, बायका आणि मुलं. आत माणसं असलेलं एक घर जळून गेलं. हे वायकाटोत आजही कालच घडल्यासारखं सांगतात.

मग कायदा आला. खरं तर लढाई चालू असतानाच आला होता, १८६३चा न्यूझीलंड सेटलमेंट्स अ‍ॅक्ट. बंड केलेल्या जमातींची जमीन जप्त. वायकाटोत साधारण १२ लाख एकर गेली. म्हणजे जवळजवळ अख्खा सिंधुदुर्ग जिल्हा. जे लढले नव्हते, उलट सरकारच्या बाजूने होते, त्यांच्याही जमिनी त्या रेषेच्या आत सापडल्या. लष्करात भरती झालेल्या साध्या शिपायाला ५० एकर मिळाले, अधिकाऱ्यांना त्याहून बरेच जास्त. आज आपल्यापैकी कित्येकांची घरं ज्या हॅमिल्टनमध्ये आहेत ते किरिकिरिरोआ अशा शिपायांना वाटून दिलेलं गाव. कॅप्टन हॅमिल्टन हा आरमारातला अधिकारी, तो लढाईत पडला आणि गावाला त्याचं नाव मिळालं.

राजा ताव्हिआओ आपल्या लोकांसह दक्षिणेच्या डोंगरी मुलखात गेला. १८८४मध्ये तो लंडनला जाऊन राणी व्हिक्टोरियाची भेट मागत होता. भेट मिळाली नाही. तुमचं गाऱ्हाणं तुमच्याच सरकारकडे न्या, असं सांगून परत पाठवलं, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच दारात. १९१४मध्ये त्याचा नातू ते राता पुन्हा गेला. इंग्लंडच्या राजाची भेट झाली, हाती काही आलं नाही. १९२७मध्ये सरकारनेच नेमलेल्या सिम आयोगाने सांगितलं की जप्ती अतिरेकी होती. आयोगाने वर्षाला ३,००० पौंड सुचवले. वायकाटोचं म्हणणं मात्र एका ओळीचं होतं: जमीन गेली, जमीनच परत आली पाहिजे.

ती यायला १९९५ उजाडलं. २२ मे १९९५ला करारावर सह्या झाल्या आणि ३ नोव्हेंबरला राणी एलिझाबेथने वेलिंग्टनमध्ये स्वतः त्या कायद्यावर सही केली. कायद्यातच राजसत्तेची माफी आहे. एकूण मोल १७ कोटी डॉलर, त्यात जमीन धरून. जप्त झालेल्या जमिनीची किंमत त्या वेळी सावधपणे धरली तरी १२ अब्ज डॉलर होत होती. दीड टक्कासुद्धा नाही. आपल्यातल्या कुणाची जमीन बिल्डरने लाटली आणि तीन पिढ्या कोर्टकचेऱ्या केल्यावर त्याने दीड टक्का पुढे केला, तर आपण त्याला "फुकट मिळालं" म्हणू का?

परत आलेल्या जमिनीत वायकाटो विद्यापीठाची हॅमिल्टनमधली जागा आहे. आपली मुलं तिथे शिकतात. शहराच्या उत्तरेला 'द बेस' नावाचं जे मोठं व्यापारसंकुल आहे, जिथे शनिवारी दोन मराठी कुटुंबं भेटली नाहीत असं होत नाही, ते जुन्या हवाई दलाच्या तळावर उभं आहे आणि तो तळही या तडजोडीतून परत आलेला. तिथे खरेदी करताना आपलं काही हिरावलं गेल्यासारखं वाटतं का हो?

पण बंदुकीने गेलेली जमीन हा हिशेबाचा लहान भाग आहे. मोठा भाग कोर्टाने नेला, आणि हा भाग मराठी माणसाला समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. १८६५च्या कायद्याने नेटिव्ह लँड कोर्ट पक्कं झालं. माओरींची जमीन सामाईक असायची. कोण कुठे पेरणार, कोण कुठे मासे धरणार, कोणाचे पूर्वज कुठे पुरलेत, असे हक्क एकमेकांत गुंतलेले. कोर्टाने सांगितलं, कागदावर जास्तीत जास्त दहा नावं लिहू. शेकडो माणसांच्या जमिनीवर दहा मालक लागले. एकत्र कुटुंबाच्या सातबाऱ्यावर एकट्या कर्त्याचं नाव चढावं आणि भाऊ-पुतण्यांना न विचारता त्याला सगळं विकायची मुभा मिळावी, तसं. ही दहा माणसं विश्वस्त आहेत असं बाकीच्यांनी धरलं, कायद्याने त्यांना पूर्ण मालक धरलं.

बरं, कोर्टात जायचंच नाही असं ठरवून भागत नव्हतं. एकाने अर्ज केला की साऱ्या जमातीला हजर राहावं लागे, नाहीतर दुसऱ्याच्या नावावर जमीन चढायची. सुनावणी भरायची केंब्रिजसारख्या गोऱ्या गावात, आणि ती आठवडेच काय, महिने चाले. शेकडो माणसं तंबू ठोकून बसत. पेरणी राही. खाणंपिणं दुकानदाराकडून उधारीवर. मोजणीचा खर्च जमिनीवरच बोजा म्हणून चढे. निकाल लागून जमीन तुमची ठरली की ती विकूनच वकील, मोजणीदार आणि दुकानदार यांची देणी फेडायची. आपल्याकडच्या दख्खनच्या शेतकऱ्याची १८७०च्या दशकातली सावकारी कहाणी ज्यांनी शाळेत वाचली असेल त्यांना यात नवीन काय वाटेल? फरक इतकाच की इथे सावकाराच्या पाठीशी जमीन घ्यायला आतुर झालेलं सरकार स्वतः उभं होतं. पुढे १८७३च्या कायद्याने दहाची अट गेली, सगळ्यांची नावं लागली, पण प्रत्येकाचा हिस्सा सुटा विकता येऊ लागला. दलाल एकेकाला गाठू लागले. आज सगळ्या देशातली जेमतेम पाच-सहा टक्के जमीन माओरी मालकीची उरली आहे, त्यातल्या अनेक तुकड्यांना शेकडो वारसदार आहेत आणि अशा जमिनीवर घर बांधायला बँक सहजी कर्ज देत नाही.

दक्षिण बेटावर तर लढाईही नव्हती. १८४८च्या केम्पच्या खरेदीत २ कोटी एकर २,००० पौंडांना गेले. महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडा मोठा मुलूख. तिथल्या न्गाई ताहू जमातीसाठी पुरेशी जमीन राखून ठेवू, असं सांगितलं होतं. राखली गेली ६,३५९ एकर. क्राइस्टचर्चचे आपले लोक याच जमिनीवर राहतात. त्यांची तडजोड १९९८ची, तीही १७ कोटींची. आओराकी, म्हणजे माउंट कुक, न्गाई ताहूंना परत द्यायचा आणि त्यांनी तो देशाला भेट द्यायचा, असं त्या कायद्यात ठरलं. ज्यांना आपण "मागतच असतात" म्हणतो त्या लोकांनी देशाचं सर्वांत उंच शिखर देऊ केलं आहे.

पारिहाकाबद्दल आपल्यातल्या काहींनी ऐकलंय, कारण तिथे "गांधीजींच्या आधीचे गांधी" असा उल्लेख कानावर पडतो. तारानाकीत ते व्हिटी आणि तोहू काकाही यांनी शस्त्र न उचलता विरोध केला. जप्त जमिनीवर सरकारी मोजणीदार आले की गावातले नांगरकरी जाऊन ती जमीन नांगरत. शेकडोंना पकडलं, खटल्याविना दक्षिण बेटावरच्या तुरुंगांत डांबलं. ५ नोव्हेंबर १८८१ला मंत्री जॉन ब्राइस सुमारे १,६०० सशस्त्र माणसं घेऊन चालून आला. समोर गाणारी मुलं होती, आणि पाहुण्यांसाठी भाकरी तयार ठेवलेली. गाव मोडलं गेलं. गांधीजी तेव्हा १२ वर्षांचे होते. ही तुलना मला फारशी आवडत नाही. ते व्हिटींना मोठं ठरवायला आपल्या माणसाचं प्रमाणपत्र कशाला लागावं? राजसत्तेने पारिहाकात जाऊन माफी मागितली ती ९ जून २०१७ला.

आता कराराबद्दल. ६ फेब्रुवारी १८४०ला वाइटांगीला झालेल्या कराराच्या माओरी आणि इंग्रजी मजकुरात फरक आहे, आणि पाचशेच्या वर सरदारांनी सह्या केल्या त्या बहुतेक सगळ्या माओरी मजकुरावर. सार्वभौमत्व दिलं की नाही यावर आजही वाद चालू आहे. कराराच्या उल्लंघनाच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाइटांगी ट्रायब्युनलने २०१४मध्ये सांगितलं की उत्तरेच्या सरदारांनी ते दिलं नव्हतं. पण हा वाद बाजूला ठेवा. आपल्या सोयीचा म्हणून इंग्रजी मजकूरच खरा धरा. त्याच्या दुसऱ्या कलमात राणीने माओरींना त्यांच्या जमिनी, जंगलं आणि मासेमारीच्या जागा, त्यांची इच्छा असेपर्यंत, निर्वेध ताब्यात राहतील अशी हमी दिली आहे. त्या इंग्रजी कसोटीवरही जप्ती, केम्प आणि लँड कोर्ट टिकत नाहीत. "एक कायदा सर्वांना" म्हणणाऱ्यांनी आधी हेच सांगावं, की खासगी मालमत्तेचं रक्षण करणारा तो एक कायदा १८६३मध्ये कुठे होता? १८७७मध्ये मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी करार शून्यवत ठरवला. तो खटला कशाचा होता ते पाहा: न्गाती तोआ जमातीच्या लोकांनी पोरिरुआजवळची जमीन शाळेसाठी दिली होती, शाळा कधी बांधलीच नाही, आणि म्हणून त्यांनी जमीन परत मागितली होती.

पुढचं शतकभर दाद मागायला जागाच नव्हती. ट्रायब्युनल आलं १९७५मध्ये, माओरी मंत्री मातिउ राता यांच्या खटपटीतून. पण त्याला पुढच्या काळातल्या तक्रारीच ऐकता येत होत्या, १८४०पासूनच्या ऐकायची मुभा १९८५मध्ये मिळाली. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं, "इतक्या उशिरा का मागतात," तेव्हा उत्तर असं की ते पहिल्या दिवसापासून मागत होते. दार उघडून फक्त चाळीसेक वर्षं झाली आहेत. तेही आपोआप उघडलं नाही. १९७५मध्ये ७९ वर्षांच्या फिना कूपर उत्तरेच्या टोकापासून संसदेपर्यंत चालत निघाल्या आणि वाटेवर हजारो माणसं त्यांना मिळत गेली.

ऑकलंडकरांनो, मिशन बेला आइस्क्रीम खायला जाता तेव्हा शेजारची टेकडी पाहता ना? ती ताकापाराव्हाउ, बास्टियन पॉइंट. इथल्या न्गाती फातुआ जमातीच्या लोकांनी पहिला गव्हर्नर हॉबसन याला बोलावून राजधानीसाठी जमीन दिली होती. शंभरेक वर्षांत त्यांच्याकडे उरली पाव एकराची स्मशानभूमी. ओकाहू उपसागरावरची त्यांची वस्ती १९५०च्या सुरुवातीला रिकामी करून जाळली गेली, राणीची स्वारी तिथून जायची होती. १९७६मध्ये सरकारने उरल्यासुरल्या टेकडीवर महागडी घरं बांधायचं ठरवलं, तेव्हा जो हॉक आणि त्यांची माणसं ५०६ दिवस तिथे ठाण मांडून बसली. २५ मे १९७८ला पोलिस आणि सैन्याने २२२ जणांना अटक केली. दहा वर्षांनी, ट्रायब्युनलच्या अहवालानंतर, सरकारने जमीन परत करायचं मान्य केलं. आज ती टेकडी सगळ्यांना खुली आहे. आपले लोक तिथे पतंग उडवतात, कोणी हटकत नाही.

सार्वजनिक कामासाठी जमीन घेणं हाही जुना खेळ. रॅग्लनला महायुद्धात विमानपट्टीसाठी घेतलेली जमीन युद्ध संपल्यावर मालकांना परत न देता गोल्फ क्लबाकडे गेली. एव्हा रिकार्ड यांनी अटक पत्करून ती परत मिळवली. मुळशीच्या आणि कोयनेच्या विस्थापितांची नातवंडं आपल्यात आहेत. प्रकल्पग्रस्त म्हणून मिळालेल्या दाखल्याची किंमत काय असते, आणि पाणी-वीज दुसऱ्यांच्या घरी कशी जाते, हे त्यांनी बाकीच्यांना सांगावं. भारताच्या संसदेने २००६च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकातच आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं लिहिलं आणि गडचिरोलीतल्या मेंढा लेखाला त्यातूनच आपल्या जंगलावर हक्क मिळाला. तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. तोच न्याय समुद्रापलीकडे आला की लगेच "लाड" कसा होतो?

घर जाईल या भीतीचंही एकदा बोलून टाकू. मी ही भीती शिकलेल्या, गृहकर्जाचा व्याजदर तोंडपाठ असलेल्या माणसांकडून ऐकली आहे. तुमचं घर जाणार नाही. १९९३पासून कायदाच असा आहे की खासगी मालकीची जमीन परत करा अशी शिफारस ट्रायब्युनल करू शकत नाही. तडजोडीत येते ती सरकारी जमीन आणि रोख. ऑकलंडमधल्या इहुमाताओची जप्त जमीन खासगी झाली होती, म्हणून २०२०मध्ये सरकारला ती विकसकाकडून २.९९ कोटी डॉलर मोजून विकत घ्यावी लागली. म्हणजे ज्यांच्याकडून हिसकावली त्यांनी आणखी दीडशे वर्षं थांबायचं आणि नंतर ज्यांनी घेतली त्यांना पूर्ण बाजारभाव.

आणि करदात्याचा पैसा. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या सगळ्या तडजोडींची आर्थिक रक्कम मिळून अडीच अब्ज डॉलरच्या आसपास जाते. या देशाचा ज्येष्ठांच्या पेन्शनवरचा खर्च वर्षाला वीस अब्जांच्या वर आहे. साऱ्या देशाच्या जमिनीचा हिशेब दीड महिन्याच्या पेन्शनमध्ये मिटवलाय. तुमच्या आई-वडिलांना इथे आणून त्यांच्या पेन्शनची चौकशी करणाऱ्यांनी तरी हा आकडा जपून बोलावा.

या तडजोडी आदर्श आहेत असं माझं म्हणणं नाही. गुन्हेगारच न्यायाधीश आणि तोच रक्कम ठरवणार, अशी ही रचना. १९९४मध्ये सरकारने आपणच सगळ्यांसाठी मिळून एक अब्जाची मर्यादा जाहीर केली होती, माओरींनी ती एकमुखाने धुडकावली. कोणाशी बोलायचं हे सरकार ठरवतं, मोठे गट करा म्हणतं, आणि लहान हापू, म्हणजे जमातींतले पोटगट, आपसांत भांडत बसतात. मग आपल्यातले लोक म्हणतात, "बघा, यांच्यातच एकी नाही." न्गापुही ही सर्वांत मोठी इवी, म्हणजे जमात, ज्यांच्या अंगणात करार झाला, त्यांची तडजोड अजून झालेली नाही. मिळालेल्या पैशातून इवीच्या कंपन्या उभ्या राहिल्या, पण मालमत्तेचा फायदा दक्षिण ऑकलंडमध्ये भाड्याने राहणाऱ्या प्रत्येक घरात पोचला असं कोणी म्हणणार नाही. या गोष्टींवर टीका करायची तर माओरीच आपल्याहून धारदार करतात. ऐकून घ्या, त्यातून शिकायला मिळतं.

पैशाच्या पलीकडे जे झालंय ते मला जास्त मोलाचं वाटतं. २०१७मध्ये व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती मानलं गेलं. त्याच महिन्यात उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना तसा दर्जा दिला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली ती गोष्ट वेगळी. जानेवारी २०२५मध्ये तारानाकी डोंगरालाही हा दर्जा मिळाला, आणि तो कायदा संसदेत एकमताने झाला. म्हणजे बाहेर कितीही आरडाओरडा होत असला तरी आत बसलेल्यांना देणं ठाऊक आहे.

"आमचा काय संबंध" म्हणणाऱ्यांना पुकेकोहेची आठवण करून देतो. आज आपले कितीतरी लोक तिथे घरं घेतात. १९२६मध्ये तिथेच व्हाइट न्यूझीलंड लीग निघाली. हिंदी आणि चिनी माणसांना जमीन मिळू नये, ते इथे नकोतच, असं तिचं म्हणणं. न्यूझीलंड इंडियन सेंट्रल असोसिएशन त्याच वर्षी स्थापन झाली, त्याला हेही एक कारण होतं. त्याच गावात माओरींना कित्येक वर्षं न्हाव्याच्या दुकानात, बारमध्ये, सिनेमागृहात वेगळं ठेवलं जाई आणि १९५२मध्ये त्यांच्या मुलांसाठी निराळी शाळा काढली गेली. एकाच बोटाने दोघांना बाहेरचा रस्ता दाखवला जात होता. आज त्यातला एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो हे बघून मला लाज वाटते.

आता मंडळांकडे मागणं.

कायद्याच्या मसुद्यावर संसदेच्या समितीकडे लेखी म्हणणं पाठवता येतं, त्याला नागरिकत्वही लागत नाही. ट्रीटी प्रिन्सिपल्स बिलावर तीन लाखांहून जास्त म्हणणी गेली आणि साधारण ९० टक्के विरोधात होती. त्यात आपल्या किती मंडळांचं पत्र होतं? क्रिकेटच्या मैदानासाठी आपण नगरपालिकेला सह्यांची पत्रं देतो, मग हेही जमेल. असे प्रस्ताव पुन्हा येतील. त्या वेळी मंडळाच्या नावाने, मराठी माणसं म्हणून, एक पान पाठवा. मतभेद असतील तर सभेत भांडून ठरवा, आपल्याला ते काही नवीन नाही.

दुसरं, प्रत्येक मंडळाने आपल्या गावच्या तडजोडीच्या कायद्यातला माफीचा मजकूर एकदा मोठ्याने वाचावा. पाच-दहा मिनिटांचं काम. ही भाषणं माओरींनी लिहिलेली नाहीत, सरकारने कबूल करून कायद्यात घातलेली आहेत. गुढीपाडव्याला वृद्ध माओरी पाहुण्याला स्टेजवर बसवून प्रार्थना म्हणायला लावायची आणि फोटो काढून मोकळं व्हायचं, त्याऐवजी हे करा. आणि विसर्जनाची जागा ठरवताना तिथल्या इवीला आधी विचारा. जिथून लोक खाण्यासाठी शिंपले आणि मासे काढतात त्या पाण्यात अस्थी सोडणं त्यांच्या लेखी केवढा मोठा दोष आहे, हे आपल्या कित्येक घरांना माहीतच नसतं.

तिसरं, २८ ऑक्टोबर. त्या दिवशी या देशात न्यूझीलंड वॉर्सची आठवण पाळली जाते. ओतोरोहांगा कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १८६४च्या लढाईची जागा ओराकाउ आणि रांगीआओफिया पाहिलं, त्यांना आपल्याच भागाचा इतिहास शिकवलेला नव्हता म्हणून राग आला, हजारो सह्या गोळा करून त्यांनी संसदेत नेल्या आणि त्यातून हा दिवस आला. आपली मुलं आता शाळेत हा इतिहास शिकतात, घरी येऊन विचारतात, आणि आपल्याकडे उत्तर नसतं. हा दिवस बहुतेक वेळा दिवाळीच्या आगेमागेच येतो. हॅमिल्टनच्या मंडळाने या वर्षी एक बस करून मुलांना आणि आजी-आजोबांना ओराकाउला न्यावं, तिथल्या मंडळींना आधी कळवून, त्यांच्या वेळेने. बसच्या खर्चातला माझा वाटा मी खजिनदारांकडे आजच देतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
हॅमिल्टनमधला एक मराठी रहिवासी